थरथर कोणाची?

मूर्तिजापूरला स्टेशनच्या बाजूला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. बारावीनंतर मी तिथे आले ती आजतागायत तिथेच. आधी अल्बममध्ये फोटो लावले, मग लग्नात दुसरा कॅमेरा धरला, आणि गेली बारा वर्षं मागच्या खोलीत बसून कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करते. दर्यापूर, कारंजा, बडनेऱ्याकडचे फोटोग्राफर बिघडलेलं सामान एसटीनं पाठवतात, आणि लग्नाची तारीख तोंडावर आली की स्वतःच येऊन स्टुडिओच्या बाकावर बसतात.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत मामांचे फोटो हलायला लागले. पहिल्या दोन लग्नांत त्यांनी असे फोटो गुपचूप काढून टाकले. तिसऱ्या लग्नाचे फोटो मी निवडायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. अंतरपाट खाली येतानाचा क्षण, नवरीनं पहिल्यांदा डोळे वर केलेत, आणि अख्खं चित्र पाण्यात पाहिल्यासारखं. मामांनी मग कॅमेराच माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "पाय व पोरी, आता माहे हात गेले. उद्यापासून तूच जात जाय."

मामा तेव्हा सदुसष्टचे होते. स्टुडिओत शिरल्या शिरल्या समोर एक फोटो दिसतो: शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन, संध्याकाळची वेळ, आजूबाजूला धूर, आणि ड्रायव्हरच्या मिशीचा केस न् केस मोजता येईल इतका स्वच्छ. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन १९९४ च्या एप्रिलात सेवेतून गेलं. त्याआधीच्या हिवाळ्यात मामांनी साध्या पेंटॅक्स के-१००० नं, सेकंदाच्या तिसाव्या भागाला, हातात कॅमेरा धरून तो फोटो घेतला. त्याच माणसानं "माहे हात गेले" म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी लेन्स मागच्या खोलीत नेली.

लेन्स एका मोठ्या जपानी कंपनीची. रुंद बाजूला मांडवभर वऱ्हाडी मावतात आणि लांब बाजूला शंभरच्या पुढे जाऊन स्टेजवरचा चेहरा जवळ आणते, अशी झूम. आत हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. कुणी तिला आयएस म्हणतं, कुणी व्हीआर. आमच्याकडे सगळे स्टॅबिलायझर म्हणतात. त्या लेन्सनं आणि नंतर आलेल्या तिच्या बहिणींनी मला जे शिकवलं ते लिहून ठेवते.

१. थरथर कोणाची आहे, ते स्क्रूला हात लावायच्या आधी ठरवा.

मी देशोन्नतीचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर चारही कोपऱ्यांनी ताणून लावलं आणि तीन फेऱ्या केल्या. झूम लांब टोकाला, अंतर कायम.

पहिली फेरी खिडकीच्या भरपूर उजेडात, सेकंदाच्या हजाराव्या भागाला, स्टॅबिलायझर बंद. इतक्या वेगात कुणाचाच हात दिसत नाही. अक्षरं चारही कोपऱ्यांत चोख आली. म्हणजे काच बरी आहे, फोकस बरा आहे. ही फेरी पुष्कळ जण करत नाहीत आणि फोकसचा दोष स्टॅबिलायझरवर ढकलतात.

दुसरी फेरी सेकंदाच्या तिसाव्या भागाला, स्टॅबिलायझर अजून बंदच. दहा फोटो मामांचे, दहा माझे. त्यांचे तीन चांगले आले, माझे चार. जुना हिशेब असा आहे की शंभरची लेन्स हातात धरली तर शटर शंभराव्या भागाहून हळू नको. तिसाव्या भागाला दहात तीन-चार म्हणजे ठीकच.

तिसरी फेरी तशीच, फक्त स्टॅबिलायझर चालू. इथे आठ-नऊ फोटो चांगले यायला हवेत. मामांचे दोन आले. माझा एक.

यंत्रणा चालू केल्यावर फोटो आणखी बिघडतात, आणि ते कुणाच्याही हातात बिघडतात, तेव्हा दोष लेन्सचा. निव्वळ हाताचा दोष असता तर बटण चालू केल्यावर फोटो सुधारले असते. मी मामांना पडद्यावर दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि विचारलं, "म्हंजे माहे हात नाई?" लेन्स बिघडली आहे एवढंच त्या पानावरून कळत होतं. हातांचं काय, ते लेन्स बरी झाल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. मी तसंच सांगितलं.

२. जे बिघडलेलं नाही ते दुरुस्त करू नका.

माझ्याकडे स्टॅबिलायझर गेला म्हणून येणाऱ्या कित्येक लेन्स धडधाकट असतात. शटर अर्धं दाबल्यावर आतून माशी गुणगुणल्यासारखा आवाज येणं हे यंत्रणा चालू असल्याचं लक्षण आहे. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली आणि आत काही खुळखुळलं तर कित्येक लेन्समध्ये तेही स्वाभाविक, कारण स्थिर करणारा भिंगांचा गट तिथे मोकळाच तरंगत असतो. यंत्रणा चालू असतानाच कुणी घाईनं लेन्स काढली तर ज्या लेन्समध्ये कुलूप असतं तिचाही गट उघडा राहतो आणि खुळखुळतो. ती परत कॅमेऱ्याला लावा, चालू करा, आवाज थांबेपर्यंत धीर धरा, मग बंद करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

एकदा एक तरुण शंकरपटावरून थेट आला. बैलजोडीबरोबर कॅमेरा फिरवला की चित्र मध्येच अडतं, मग उडी मारतं, असं त्याचं म्हणणं. त्याची लेन्स प्रामाणिकपणे तिचं काम करत होती. तो मुद्दाम कॅमेरा फिरवत होता आणि लेन्स ती हालचाल थोपवायला पाहत होती. अशा वेळी दुसरा मोड लावायचा असतो, ज्यात लेन्स फक्त वर-खालीचा धक्का आवरते आणि आडवं फिरणं मोकळं सोडते. ही सोय १९९७ पासून काही लेन्समध्ये आहे, बटण बाहेरच असतं, आणि कुणी त्याला ते दाखवलं नव्हतं. तसंच तिपाईचं. जुन्या पद्धतीची लेन्स तिपाईवर चालू ठेवली तर स्वतःच्याच गुणगुणण्याला थरथर समजून ती डोलायला लागते. तिपाई उघडली की बटण बंद.

३. झूमच्या कुठल्या टप्प्यावर बिघडते, ते शोधा.

दुरुस्तीचं पाऊण काम इथेच होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

या लेन्सच्या पोटात दोन इवले जायरो असतात. एक मान वर-खाली झाली की सांगतो, दुसरा डावी-उजवी झाली की. निरोगी हातालाही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कंप असतोच. श्वासाचं आणि शरीराच्या डोलण्याचं हलणं त्याहून संथ. चिप हा सगळा हिशेब घेते आणि भिंगांचा एक गट उलट बाजूला सरकवते. सरकवायला दातेरी चाकं नसतात. चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, लाउडस्पीकरमध्ये असतं तसं. गट नेमका कुठे पोचला ते सांगणारा सेन्सर वेगळा. हे सारं क्षणोक्षणी चालू. १९९४ साली, म्हणजे आमच्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन थांबलं त्याच वर्षी, निकॉननं ही सोय फिल्मच्या एका छोट्या कॅमेऱ्यात दिली, आणि १९९५ साली कॅननच्या ७५-३०० मुळे ती बदलता येणाऱ्या लेन्समध्ये आली.

आता झूम लेन्सचा कळीचा मुद्दा. मामांच्या लेन्ससारख्या पुष्कळ झूममध्ये हा गट एका जागी बसत नाही, झूम फिरवली की तोही पुढे-मागे जातो. त्याला वीज आणि निरोप पोचवणारी केशरी रंगाची पातळ पट्टी असते. आम्ही तिला फ्लेक्स म्हणतो. प्रत्येक झूमला ती एकाच जागी दुमडते आणि उलगडते. एका लग्नात झूम किती वेळा फिरते ते मोजून पाहा. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, जेवणाच्या पंगती, पाठवणी. तांब्याची रेघ कागदाहून पातळ, ती एक दिवस घडीवर तडकते. आणि तो तडा सगळीकडे सारखा वागत नाही. पट्टी सैल असताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकून असतात आणि काम चालतं. ताणली की अलग होतात.

मी कॅमेरा पिशवीवर टेकवून झूम बोटभर, बोटभर फिरवत गेले. सत्तरपर्यंत चित्र शांत. सत्तरच्या पुढे गेलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र वर उडायचं, खाली यायचं. आडवं मात्र हलत नव्हतं. मी वहीत लिहिलं: सत्तरच्या पुढे, फक्त उभं. झूमच्या एका टप्प्यालाच त्रास, म्हणजे पट्टीवर संशय. जायरो गेला असता तर तो सगळ्या टप्प्यांवर गेला असता. फक्त उभं, म्हणजे चार-पाच रेघांतली एखादी. लेन्स अजून उघडली नव्हती आणि कुठे पाहायचं ते कळलं होतं.

४. लेन्स कुठल्या रस्त्यानं आली, हेही विचारा.

आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. अकोला-अमरावती रस्त्यानं मामा २०१५ पासून ही लेन्स मोटरसायकलच्या मागच्या कॅरिअरला बांधून नेत होते. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. आम्हाला त्याचा फार आनंद झाला. पण त्याआधीच्या सात वर्षांचे खड्डे लेन्सच्या पोटात साठलेले होते.

हा माझा नुसता अंदाज नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं ग्राहकांना सूचना दिली की आयफोन मोटरसायकलच्या हँडलला घट्ट बसवू नका, इंजिनाच्या कंपनामुळे त्याच्या कॅमेऱ्यातली हीच यंत्रणा बिघडू शकते. फोनच्या कॅमेऱ्याचं भिंग हरभऱ्याएवढं. आमच्या लेन्समधला गट त्याहून कितीतरी जड. उघडल्यावर मला त्या गटाचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल सापडला. तो झूममुळे सैल झालेला नव्हता.

तेव्हापासून बॅग पाठीवर. गाडीच्या लोखंडाला टेकलेली बॅग सगळे धक्के आत घेते. माणसाची पाठ पुष्कळसे स्वतःवर घेते.

५. सोन्याचे ठिपके आधी पुसा.

माउंटवरच्या सोनेरी ठिपक्यांतूनच लेन्सला वीज मिळते. घाम, हळद, धूळ, सगळं तिथे बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड, बस. खोडरबर घासू नका, त्याचा भुसा आत जातो आणि मुलामा झिजतो. बॅटरी पूर्ण भरलेली लावून पाहा. मी हे दोन्ही केलं. फरक पडला नाही, पण करायचं असतंच.

६. स्क्रू जपानी असेल तर पेचकसही जपानी हवा.

हे मी दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकले आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. सुरुवातीच्या वर्षी एका फोटोग्राफरची लेन्स मी बाजारात मिळणाऱ्या साध्या चौफुलीच्या पेचकसनं उघडायला गेले. तो फिलिप्स घाटाचा होता. त्याचं टोक जपानी स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर निसटतं आणि खाच गोल करून टाकतं. दोन स्क्रूंची खाच गेली. ते काढायला मला छिद्रं पाडावी लागली. तीन दिवसांवर त्याच्या घरचंच लग्न होतं. मी त्याला माझी लेन्स दिली, पण त्याचा चेहरा विसरले नाही.

जपानी मापाला जेआयएस म्हणतात. त्या घाटाचे चांगल्या पोलादाचे दोन पेचकस घ्या, महाग पडले तरी घ्या. स्क्रू अडला तर जोर फिरवण्यात लावू नका, दाबण्यात लावा. कारखान्यात लावलेली चिकट लस सुकून अडवत असते. स्क्रूच्या डोक्याला किंचित ऊब दिली की ती सुटते.

आणि निघालेले स्क्रू ठेवायला माझ्याकडे आईचा मसाल्याचा डबा आहे, सात वाट्यांचा. पहिल्या वाटीत माउंटचे, दुसरीत ठिपक्यांच्या पट्टीचे, तिसरीत मागच्या कव्हराचे. क्रम बदलायचा नाही. लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असलेले स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की खालची फ्लेक्स टोचतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो. फोटोत वाटीही आली पाहिजे.

७. ऋतू पाहून उघडा.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि पंख्याशिवाय बसवत नाही. पंखा धूळ उडवतो. कापूस निघाला की जिनिंगकडून येणारे तंतू हवेत असतात, ते भिंगाला असे चिकटतात की फुंकणीनं हटत नाहीत. पौषात हवा इतकी कोरडी की लोकरीचा स्वेटर काढताना ठिणगी दिसते, आणि तेवढी ठिणगी चिपला पुरते. श्रावणात धूळ बसलेली असते, पण ओल असते आणि भिंगावर बुरशी धरते.

माझ्या अनुभवानं श्रावणातली रात्र सगळ्यांत बरी. लग्नं नसतात, घाई नसते. संध्याकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, तासभर दार लावून खोली निवू द्यायची, पंखा बंद, केस बांधलेले, सुती कपडे. मनगटाला मातीशी जोडलेली तार. काम थांबवून उठायचं झालं तर उघडी लेन्स झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. चहा त्या खोलीत येत नाही.

८. पातळ चकत्या विसरू नका.

माउंट उचलला की खाली केसाएवढ्या जाडीच्या चकत्या दिसतात, कधी एक, कधी तीन. त्यांना शिम म्हणतात. कारखान्यात ती लेन्स तपासून तेवढ्याच घातलेल्या असतात. एक जरी राहिली किंवा जागा बदलली तरी लेन्स एका बाजूला कलते आणि दूरचं चोख येत नाही. मी कोणती चकती कुठे, ते बारीक मार्करच्या खुणेनं लिहून ठेवते. वर्षापूर्वी एक लेन्स आली होती, दोन ठिकाणी उघडून झालेली. उजवी बाजू कायम मऊ. स्टॅबिलायझर, मोटर, सगळं ठीक. एक चकती चिकटून दुसरीच्या खाली गेलेली निघाली, इतकंच.

९. तडा डोळ्यांना दिसत नाही. पट्टी वाकवून ऐका.

मामांची लेन्स मी नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री उघडली. माउंटचे चार स्क्रू, ठिपक्यांची पट्टी, मग मुख्य बोर्ड. बोर्डाला सात पट्ट्या येतात. त्यांच्या कडांवर बारीक काळं झाकण असतं, ते नखानं वर उचलल्यावर पट्टी आपसूक सुटते. ओढायची नाही. इथे ओढल्यामुळे गेलेल्या लेन्स मी पाहिल्या आहेत.

संशयाची पट्टी बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. काही दिसलं नाही. घडीच्या जागी नुसती एक पांढुरकी रेघ, वापरानं पडते तशी. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला, दोन्ही टोकांना सुया लावल्या, एकेक रेघ तपासत गेले. सगळ्या वाजल्या. मन खट्टू झालं. मग लक्षात आलं की पट्टी टेबलावर सपाट आहे, लेन्समध्ये ती दुमडलेली असते. पेन्सिलीवर घडी घालून हळूहळू ताणली. तिसऱ्या रेघेचा आवाज तुटला. सोडली, परत वाजला. ताणली, तुटला. रात्रीचे सव्वाबारा झाले होते. मामा जागेच होते. मी त्यांना खोलीत बोलावलं आणि त्यांच्याकडूनच पट्टी ताणून घेतली. आवाज गेला तसे ते हसले.

अशा तड्याला डाग मारायचा मोह होतो. मारू नका. डागाची जागा कडक होते आणि पट्टी त्याच्या शेजारी पुन्हा तडकते, यावेळी लवकर. पट्टी बदलायचीच.

१०. भाग मिळवायला धीर लागतो.

अधिकृत दुरुस्ती केंद्रानं कळवलं की या लेन्सचे भाग येणं बंद झालं आहे. उत्पादन थांबल्यावर काही वर्षांनी असं होतंच. एका दुकानातून ऑनलाइन मागवलेली पट्टी आली ती दिसायला तंतोतंत, टोकाचे ठिपकेही तितकेच, पण घडीपासूनची लांबी थोडी कमी. ती लावली असती तर झूम टोकाला नेल्याबरोबर फाटली असती. म्हणून नवी पट्टी जुनीवर ठेवून, उजेडापुढे धरून, घड्या जुळतात का ते आधी पाहा. बरोबर पट्टी शेवटी मुंबईच्या बोरा बाजारातून मिळाली, मधे महिना गेला.

त्या महिन्यात मी एकदा वैतागून म्हटलं की राहू द्या, नवी लेन्स घेऊ. मामांनी तेव्हा कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांची गोष्ट काढली, जी ते दर वर्षी एकदा तरी सांगतात: आनंदराव आणि बाबुराव हे दोघे पेंटर भाऊ सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या मागे लागले, १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि बाबुरावांनी दामल्यांच्या साथीनं स्वतःच्या हातानं कॅमेरा उभा केला. "त्यायनं अख्खा कॅमेरा बनवला. तुले एक पट्टी बदलनं नाई जमत?" मला जमत नव्हतं असं नाही, पण त्या बोलण्यानं बरं वाटलं.

११. कुठे थांबायचं ते गिऱ्हाइकाला आधी सांगा.

पट्टी, सैल स्क्रू, ठिपके, चकत्या, हे माझ्या खोलीत होतं. स्थिर करणारा गटच मेला आणि नवा बसवला, तर तो मधोमध कुठे उभा राहायचा ते कंपनीच्या सॉफ्टवेअरनं लेन्सच्या स्मृतीत लिहावं लागतं. ते सॉफ्टवेअर आम्हाला मिळत नाही. त्याविना लेन्स चालते, पण एक बाजू मऊ राहते. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं तेव्हा मला मोठी आशा वाटली होती, आणि अजून वाटते. ज्या लेन्सचे भाग कंपनी देत नाही, तिचं सॉफ्टवेअर तरी तिनं दुरुस्त करणाऱ्यांना खुलं करावं. तालुक्याच्या गावी लेन्स म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं पोट असतं.

आणखी एक गोष्ट. "स्टॅबिलायझर बंद करून वापरतो, मग तर झालं?" असं पुष्कळ जण विचारतात. ज्या लेन्समध्ये गटाला कुलूप आहे, तिथे चालतं. बंद केल्यावर गट मधोमध अडकतो आणि ती साधी लेन्स होते. ज्यात कुलूप नाही आणि वीजच पोचत नाही, तिथे गट स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो. तिथे बटण बंद करून काही होत नाही. हे सांगितल्याशिवाय मी पैसे घेत नाही.

१२. बरी झाल्यावर पुन्हा तीच तपासणी, त्याच भिंतीवर.

लेन्स जोडून झाली तेव्हा भाद्रपद लागला होता. सात वाट्या रिकाम्या झाल्या, एकही स्क्रू उरला नाही. मी झूम दोनशे वेळा हळू फिरवली, मोजून. मग नवं पान भिंतीवर लावलं. झूम लांब टोकाला, सेकंदाचा तिसावा भाग, स्टॅबिलायझर चालू. माझे दहापैकी नऊ चोख आले. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अर्धं बटण दाबताच असं निवांत होत होतं की तळ्यावरचा वारा पडावा.

मग मामांनी कॅमेरा घेतला. घाई केली नाही. कोपर छातीला टेकवलं, श्वास सोडला, इंजिनाच्या फोटोच्या वेळी करत असतील तसाच. दहा फोटो. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो आणि मी एकेक मोठा करून दाखवत गेले. सात चोख. तीन हललेले. ते तीन मी त्यांना पुन्हा दाखवले, कारण त्यांनी विचारलं. थरथर बारीक होती, आडवी-उभी दोन्हीकडे, लेन्समधली नव्हे.

मामा काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्याकडे बोट केलं.

"हे तीन माहे," म्हणाले. "मोजून घेतले मी. तिसावा सोडला आता. साठाव्या भागाले काढत जाईन, उजेड थोडा वाढवत जाईन."

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तिथी कारंज्याची होती. बॅग पाठीवर घेऊन ते गेले आणि अंतरपाटाचा फोटो त्यांनीच काढला.